ऋणदाब व्रणोपचार, उघड्या अस्थिभंगातील

हाड मोडताना त्यावरील स्नायू व कातडी फाटून मोडलेल्या जागेचा बाहेरच्या हवेशी संबंध आला, म्हणजे त्या मोडीस उघडा अस्थिभंग म्हणतात. अशा जखमेत सच्छिद्र स्पंज बसवून, त्यावर चिकट पारदर्शक पटल लावून ती हवाबंद करणे आणि नळीने पंपाला जोडून तिच्या पृष्ठभागावर वातावरणीय दाबापेक्षा कमी दाब राखणे, या उपचारपद्धतीस ऋणदाब व्रणोपचार ही संज्ञा आहे. रुग्णालयांतून ती ‘व्हॅक’ या सुटसुटीत नावाने ओळखली जाते. पंप लावला की जखम आपोआप बरी होते, असा समज रुग्णाच्या नातेवाइकांत आणि क्वचित वैद्यकीय व्यवसायातही आढळतो. उघड्या अस्थिभंगात या पद्धतीचे काम त्याहून मर्यादित आहे. उघडे पडलेले हाड जिवंत ऊतकांनी (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांनी) झाकण्याची शस्त्रक्रिया होईपर्यंत मधल्या दिवसांत जखम राखणे, हे ते काम होय. हे मधले दिवस किती असावेत, हाच या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

लांब हाडांपैकी उघडा अस्थिभंग पायाच्या नडगीत सर्वांत जास्त आढळतो. नडगीच्या हाडाची (अंतर्जंघास्थीची) पुढची बाजू गुडघ्यापासून घोट्यापर्यंत जवळजवळ कातडीखालीच असते. तेथे स्नायूंचे आच्छादन नसते. त्यामुळे आघाताने कातडी फाटली की हाड उघडे पडते. हाडाला रक्तपुरवठा करणाऱ्या वाहिन्यांपैकी काही भोवतालच्या स्नायूंतून व पर्यास्थीतून (हाडावरील पातळ आवरणातून) येतात. ही आवरणे सोलली गेली म्हणजे हाडाचा तेवढा भाग सुकतो व मरतो. मृत हाडात रक्ताबरोबर येणारे प्रतिजैविक औषध पोहोचत नाही. जंतूंना मात्र तेथे निर्वेध थारा मिळतो. वर्षानुवर्षे पू वाहणारे नाडीव्रण, न जुळणारे हाड आणि अखेरीस पाय कापण्याची वेळ, ही साखळी येथून सुरू होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उघडा अस्थिभंग झालेला पाय बहुधा कापूनच टाकीत. जोसेफ लिस्टर यांनी १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगो येथे गाडीचे चाक पायावरून गेलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्‌बॉलिक अम्लाच्या पट्ट्या ठेवल्या आणि तो पाय वाचला. जंतुनाशक शस्त्रक्रियेचा आरंभ मानली जाणारी ही घटना उघड्या अस्थिभंगाचीच होती. पुढे स्पेनमधील यादवी युद्धात (१९३६–३९) जोसेप त्रुएता यांनी जखमेतील मृत भाग कापून काढून ती न शिवता भरायची आणि संपूर्ण पाय प्लॅस्टरमध्ये बंद करून ठेवायचा, ही पद्धत १,०७३ जखमींवर वापरली. प्लॅस्टरखाली साठणाऱ्या स्रावाची दुर्गंधी असह्य होई, तरी जखमा भरत. जखम वारंवार उघडू नये, तिला स्थिर ठेवावे व बाहेरच्या जंतूंपासून दूर ठेवावे, ही त्रुएतांची तत्त्वे आजच्या हवाबंद स्पंजातही कायम आहेत. फरक इतकाच, की पूर्वी प्लॅस्टर शोषून घेई तो स्राव आता नळीने बाहेर काढला जातो.

उघड्या अस्थिभंगाचे सर्वत्र वापरले जाणारे वर्गीकरण रॅमोन गस्टिलो व जे. टी. अँडरसन यांनी १९७६ मध्ये मिनीॲपोलिस येथील १,०२५ अस्थिभंगांच्या अभ्यासावरून केले. पहिल्या प्रकारात जखम १ सेंमी.पेक्षा लहान व स्वच्छ असते. दुसऱ्यात ती त्याहून मोठी असली, तरी मऊ ऊतकांची हानी फार नसते. तिसऱ्या प्रकारात मोठ्या आघाताने ऊतके चिरडलेली असतात. गस्टिलो यांनी १९८४ मध्ये तिसऱ्या प्रकाराचे तीन पोटविभाग केले : हाड झाकण्याइतकी ऊतके शिल्लक असलेला ‘अ’, शिल्लक नसलेला ‘ब’ आणि दुरुस्त करावी लागेल अशी रोहिणी (शुद्ध रक्तवाहिनी) तुटलेला ‘क’. त्या मालिकेत जंतुसंसर्गाचे प्रमाण ‘अ’ मध्ये ४%, ‘ब’ मध्ये ५२% व ‘क’ मध्ये ४२% होते. ऋणदाब पद्धतीचा संबंध मुख्यतः ‘ब’ विभागाशी येतो. एक गोष्ट शेतीप्रधान प्रदेशासाठी विशेष महत्त्वाची आहे. गोठ्यातील किंवा शेतातील शेणमातीने माखलेली जखम आकाराने लहान असली, तरी ती तिसऱ्या प्रकारातच धरली जाते. कारण अशा मातीत धनुर्वात व वायुकोथ यांचे जंतू असतात. नेहमीच्या प्रतिजैविकाबरोबर अशा वेळी पेनिसिलिनही देण्याची प्रथा आहे.

खानदेशातील परिस्थिती : धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील पिंपळनेर हे पांझरा नदीकाठचे बाजाराचे गाव या प्रश्नाचे स्वरूप समजण्यास उपयोगी आहे. त्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगांत कोकणा, भिल्ल व मावची वस्तीची विखुरलेली खेडी आहेत. तालुक्यातून धुळे–सुरत महामार्ग जातो व त्यावरील कोंडाईबारी घाट अपघातांबद्दल कुप्रसिद्ध आहे. मालमोटारी, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या व दुचाकी वाहने एकाच रस्त्यावर धावतात. अशा रस्त्यावर नडगी मोडलेल्या माणसाला ग्रामीण रुग्णालयात प्राथमिक उपचार मिळतात. परंतु अस्थिशल्यतज्ञ, भूलतज्ञ, रक्तपेढी व सुघटनशल्यतज्ञ (प्लॅस्टिक सर्जन) या सर्वांची एकत्र गरज भागविणारी ठिकाणे दूर आहेत. त्यांतील नजीकचे मोठे शासकीय ठिकाण म्हणजे धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९८९) होय. ते पिंपळनेरपासून सु. ७५ किमी. अंतरावर, त्याच पांझरेच्या खालच्या अंगास आहे. डोंगरातील पाड्यावरून पिंपळनेरला पोहोचण्यास लागणारा वेळ त्याआधीचा व वेगळा. जळगाव येथे २०१८ मध्ये व नंदुरबार येथे २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाल्याने खानदेशातील सोय वाढली आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिलेली राज्याची आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम लागू झाली, त्यांत धुळे होते. या सोयींमुळे रस्त्यावरचा वेळ व खर्चाचा भार घटला. उघड्या हाडावर जिवंत ऊतक आणून बसविणाऱ्या शल्यतज्ञाची वाट पाहण्याचा काळ मात्र राज्यातील बहुतेक जिल्ह्यांत अद्याप शिल्लक आहे. ऋणदाब पद्धतीची उपयुक्तता आणि तिचा मोह, दोन्ही याच काळातून निर्माण होतात.

पिंपळनेरसारख्या ठिकाणी करावयाचे काम थोडे, पण निर्णायक असते. जखमेवरील ठळक कचरा काढून ती लवणजलात भिजविलेल्या निर्जंतुक कापडाने झाकणे, पाय सरळ करून फळीत बांधणे, धनुर्वाताची लस टोचणे आणि शिरेतून प्रतिजैविक देणे, इतके तेथे करता येते. प्रतिजैविकाचा पहिला डोस शक्यतो दुखापतीपासून एका तासाच्या आत द्यावा, असे सध्याचे मत आहे. म्हणजे तो जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचल्यावर नव्हे, तर पहिल्याच दवाखान्यात दिला पाहिजे. व्हॅक लावणे हे मात्र पहिल्या दवाखान्याचे काम नव्हे. अस्वच्छ जखमेवर स्पंज बसवून ती बंद करणे म्हणजे घाण आत कोंडणे होय.

साधने व क्रिया : प्रथम रुग्णाला भूल देऊन शस्त्रक्रियागृहात जखम भरपूर लवणजलाने धुतात व मृत कातडी, स्नायू आणि सुटे हाडाचे तुकडे कापून काढतात. सुश्रुतसंहितेत व्रणाच्या साठ उपक्रमांत शोधन व रोपण हे वेगळे सांगितले आहेत आणि शोधनाशिवाय रोपण नाही, हा तेथील क्रम आजही बदललेला नाही. त्यानंतर हाड बहुधा बाह्य स्थिरकाने, म्हणजे कातडीतून हाडात बसविलेल्या सळ्या बाहेरून दांड्याने जोडून, स्थिर करतात. मग जखमेच्या आकाराचा स्पंज कापून आत बसवितात. नेहमीचा काळा स्पंज पॉलियुरेथेनाचा असून त्याची छिद्रे ४०० ते ६०० मायक्रॉन (१ मायक्रॉन = मिमी.चा हजारावा भाग) व्यासाची आणि एकमेकांना जोडलेली असतात. रक्तवाहिनी, तंत्रिका (मज्जा) किंवा कंडरा उघडी असल्यास तिच्यावर आधी न चिकटणारे जाळीदार पटल घालतात. भोवतालच्या निरोगी कातडीवर काही सेंमी.पर्यंत जाईल असे चिकट पटल लावून, त्यास भोक पाडून नळी जोडतात. पंप सुरू होताच स्पंज आक्रसून कडक होतो व त्यावर सुरकुत्या पडतात. बांधणी हवाबंद झाल्याची ही खूण होय. दाब साधारणपणे वातावरणीय दाबापेक्षा पाऱ्याच्या १२५ मिमी.ने, म्हणजे सु. एक षष्ठांशाने, कमी ठेवतात. स्राव नळीतून डब्यात जमा होतो. दर दोन-तीन दिवसांनी स्पंज बदलतात. त्या वेळी जखमेत उरलेले किंवा नव्याने मेलेले ऊतक पुन्हा काढता येते. स्पंजाचे तुकडे किती घातले, हे मोजून बाहेरच्या पटलावर लिहून ठेवण्याची शिस्त आवश्यक आहे; विसरलेला तुकडा आत राहून पू धरतो.

या क्रियेने काय साधते, याबद्दल चार गोष्टी सांगितल्या जातात. जखमेच्या कडा आत ओढल्या जाऊन तिचे क्षेत्र घटते. साठणारा स्राव व सूज कमी होते. जखम ओलसर, उबदार व बाहेरच्या जंतूंपासून सुरक्षित राहते. आणि स्पंजाच्या छिद्रांत ऊतकाचा पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात खेचला गेल्याने कोशिकांचे विभाजन वाढून लालसर, दाणेदार, केशवाहिन्यांनी भरलेले ऊतक लवकर तयार होते. सामान्य भाषेत यालाच ‘मांस भरून येणे’ म्हणतात. मायकेल मॉरीक्वास व लुई आर्जेंटा यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डुकरांवरील प्रयोगांत १२५ मिमी. ऋण दाबाखाली रक्तप्रवाह चौपट झाल्याचे व असे ऊतक सतत शोषणाने सु. ६३%, तर थांबून थांबून केलेल्या शोषणाने सु. १०३% जास्त तयार झाल्याचे आढळले. रक्तप्रवाहाविषयीचा निष्कर्ष पुढे वादग्रस्त ठरला. दक्षिण आफ्रिकेतील नंतरच्या प्रयोगांत आक्रसणारा स्पंज खालच्या ऊतकांवरील दाब कमी न करता वाढवितो, असे दिसून आले. नावात ‘ऋण’ असले, तरी ऊतकाच्या वाट्याला दाबच येतो, हा विरोधाभास केवळ मौजेचा नाही. रक्तपुरवठा आधीच क्षीण असलेल्या पायाभोवती अशी बांधणी वेढून केल्यास अपाय होऊ शकतो.

शोषणाचा वैद्यकात उपयोग ही कल्पना नवी नाही. सुश्रुताने रक्तमोक्षणासाठी शृंग, अलाबू (भोपळा) व जळवा सांगितल्या आहेत आणि तुंबडी लावणे ही त्याच तत्त्वावरील प्रथा महाराष्ट्रात अलीकडेपर्यंत होती. मात्र तुंबडी काही मिनिटे लावून रक्त ओढण्यासाठी असे. उघड्या जखमेवर दिवसेंदिवस मोजका दाब राखणे ही वेगळी गोष्ट आहे. ती विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत सोव्हिएट रशिया, जर्मनी व अमेरिका येथे स्वतंत्रपणे विकसित झाली. उघड्या अस्थिभंगांसाठी तिचा पहिला व्यवस्थित वापर जर्मनीत व्हिम फ्लाइशमान व सहकाऱ्यांनी केला व १५ रुग्णांचा अनुभव १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. आर्जेंटा व मॉरीक्वास यांच्या यंत्राला अमेरिकेत १९९५ मध्ये विक्रीची अनुमती मिळाली. इराक व अफगाणिस्तान येथील युद्धांत जखमींना विमानाने दूर नेताना ते मोठ्या प्रमाणावर वापरले गेले.

परिणामांचा पुरावा : अमेरिकेतील जेम्स स्टॅनर्ड व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ६२ गंभीर उघड्या अस्थिभंगांची तुलना प्रसिद्ध केली. साध्या पट्ट्यांच्या गटात २८%, तर ऋणदाब गटात ५·४% जंतुसंसर्ग झाला. या आकड्यांनी पद्धतीचा बोलबाला झाला. नंतर ब्रिटनमधील २४ रुग्णालयांत ४६० रुग्णांवर झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीने हे चित्र बदलले. पायाच्या गंभीर उघड्या अस्थिभंगात एक वर्षानंतरच्या अपंगत्वात दोन गटांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. खोल जंतुसंसर्ग ऋणदाब गटात ७·१% व साध्या पट्ट्यांच्या गटात ८·१% होता. दोन अभ्यासांतील अंतराचे एक कारण रुग्णसंख्या हे आहेच. दुसरे कारण असे, की ब्रिटनमध्ये हाड झाकणारी शस्त्रक्रिया सर्वसाधारणपणे लवकर होते. जेथे मधला काळच थोडा, तेथे तो राखणाऱ्या साधनाचे श्रेय थोडेच असणार. खानदेशासारख्या प्रदेशात हा काळ मोठा असल्याने तेथे लाभ अधिक दिसेल, अशी अपेक्षा करता येते. परंतु ती अपेक्षाच आहे, सिद्ध गोष्ट नव्हे.

या अपेक्षेला एक स्पष्ट मर्यादाही आहे. बॉस्टन येथील टिमथी भट्टाचार्य व सहकाऱ्यांनी नडगीच्या तिसऱ्या प्रकारातील ‘ब’ विभागाच्या, ऋणदाब पद्धतीने राखलेल्या ३८ रुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. सात दिवसांच्या आत हाड झाकलेल्यांत जंतुसंसर्ग १२·५% होता. त्यानंतर झाकलेल्यांत तो ५७% झाला. पंप दोन्ही गटांत चालूच होता. त्यापूर्वी १९८६ मध्ये यूगोस्लाव्हियातील ल्युब्लियाना येथील मार्को गोदिना यांनी ५३२ रुग्णांच्या अनुभवावरून पहिल्या ७२ तासांत ऊतक आणून बसविणे सर्वांत सुरक्षित असल्याचे दाखविले होते. ब्रिटिश मार्गदर्शक तत्त्वे आजही हीच मुदत मानतात. स्पंजाखालची जखम स्वच्छ, लाल व टवटवीत दिसते, नळीतून स्राव वाहत असतो आणि उपचार चालू असल्याचे समाधान सर्वांना मिळते. तिसऱ्या आठवड्यातही असा पंप चालू असलेला रुग्ण सुधारत आहे, असे वाटणे स्वाभाविक असले, तरी त्या वेळी स्पंजाखाली हाड हळूहळू मरत असू शकते. स्पंज हाडाला रक्त पुरवीत नाही.

हाड झाकण्यासाठी रक्तपुरवठ्यासह उचललेला कातडीचा किंवा स्नायूचा पट्टा, ज्याला शल्यतज्ञ फ्लॅप म्हणतात, तो बसवावा लागतो. नडगीच्या वरच्या तिसऱ्या भागासाठी पोटरीचा वरचा स्नायू व मधल्या भागासाठी त्याखालचा स्नायू फिरवून आणता येतो. या शस्त्रक्रियांना सूक्ष्मदर्शक लागत नाही व अस्थिशल्यतज्ञही त्या शिकू शकतो. खालच्या तिसऱ्या भागात मात्र जवळपास स्नायू नसल्याने पूर्वी शरीराच्या दुसऱ्या भागातून ऊतक आणून सूक्ष्मदर्शकाखाली वाहिन्या जोडण्यावाचून गत्यंतर नसे. पोटरीच्या मागील कातडीचा, खाली मूळ ठेवून उलटा फिरविलेला पट्टा १९९० नंतर प्रचारात आल्यामुळे काही रुग्णांत हे टळते. कोईमतूर येथील गंगा रुग्णालयात एस. राजशेखरन व एस. राजा सबापती यांनी अस्थिशल्यतज्ञ व सुघटनशल्यतज्ञ यांनी पहिल्या शोधनापासूनच एकत्र काम करण्याची पद्धत रूढ केली. कातडी, हाड व स्नायू यांच्या हानीस स्वतंत्र गुण देणारे मोजमापही तेथून २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार १४ किंवा कमी गुणांचा पाय वाचविण्याजोगा आणि १७ किंवा अधिक गुणांचा पाय बहुधा विच्छेदनाकडे जाणारा समजतात. कोणाला ताबडतोब पुढे पाठवावयाचे, हे ठरविण्यास जिल्हा पातळीवर अशा मोजमापाचा उपयोग यंत्रापेक्षा कमी नाही.

स्वस्त पर्याय व धोके : आयात यंत्र, त्याचे स्पंज व डबे महाग असल्याने भारतातील अनेक रुग्णालयांत हा उपचार स्थानिक साहित्यावर केला जातो. साधा फोम निर्जंतुक करून, त्यात शोषणाची नेहमीची नळी खोवून, वर शस्त्रक्रियेतील चिकट पारदर्शक पटल लावून ती नळी भिंतीतील शोषणयंत्रणेला किंवा सुट्या शोषणपंपाला जोडतात. तत्त्व तेच असल्याने जखम तशीच भरते. उणीव दाबमापनाची असते. भिंतीतील शोषण १२५ मिमी.पेक्षा कितीतरी जास्त होऊ शकते व त्यात चढउतार होतात. म्हणून मध्ये दाबनियंत्रक बसविणे आवश्यक आहे. दुसरी अडचण विजेची. शोषण थांबले की हवाबंद स्पंज हे स्रावाने भिजलेले, जंतूंना पोषक असे बोळे बनते. दिवसातून एकूण दोन तासांपेक्षा जास्त वेळ शोषण बंद राहिल्यास स्पंज काढून साध्या ओल्या पट्ट्या लावाव्या, असा नियम आहे. वीजपुरवठा खात्रीचा नसलेल्या ठिकाणी विद्युत् घटावर चालणारा पंप नसेल, तर साध्या पट्ट्याच अधिक सुरक्षित. ब्रिटनमधील चाचणी पाहता त्यात रुग्णाचे फारसे नुकसानही नाही.

सर्वांत गंभीर धोका रक्तस्रावाचा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात आधीच्या दोन वर्षांतील ६ मृत्यू व ७७ दुखापतींची नोंद असून मृत्यूंमागे मुख्यतः रक्तस्राव होता. उघडी किंवा नुकतीच जोडलेली रोहिणी, रक्त गोठू न देणारी औषधे चालू असणे, जखमेत मृत ऊतक किंवा कर्करोग असणे आणि उपचार न झालेला अस्थिमज्जाशोथ या स्थितींत ही पद्धत वर्ज्य किंवा विशेष सावधगिरीनेच वापरण्याजोगी मानतात. डब्यात एकाएकी लाल रक्त येऊ लागल्यास पंप तत्काळ बंद करून जखमेवर हाताने दाब द्यावा लागतो. ही सूचना रात्रपाळीच्या परिचारिकेला व रुग्णाजवळ बसणाऱ्या नातेवाइकालाही माहीत असणे जरूर आहे.

फ्लॅप रुजल्यावर ऋणदाब पद्धतीचा उपयोग आणखी एका ठिकाणी होतो. फ्लॅपमधील स्नायूवर किंवा फ्लॅप उचललेल्या जागेवर कातडीचे पातळ कलम लावतात, ते हलू नये म्हणून चार-पाच दिवस कमी दाबाचा स्पंज ठेवतात. वेड्यावाकड्या पृष्ठभागावर कलम टिकविण्याच्या कामी तो नेहमीच्या बांधणीपेक्षा सोयीचा ठरला आहे. शिवून बंद केलेल्या जखमेवरही असा पंप लावण्याची प्रथा पडू लागली होती. पायाच्या अस्थिभंगांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या १,५४८ रुग्णांवरील ब्रिटनमधील चाचणीत (२०२०) त्यापासून जंतुसंसर्ग अर्थपूर्ण रीतीने घटल्याचे आढळले नाही.